चाळीस हात आणि चिमूटभर ज्वारी

खालानं मला मदत केली. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं सांगता सांगता माझं चित्त ठिकाणावर राहत नाही आणि मुख्य माणूसच सांगायचा राहून जातो. खाला म्हणजे अमरावतीतली माझी घरमालकीण. गाद्या आणि रजया शिवायची. तिचे मियाँ पिंजारी होते. ते गेल्यावर तिनं कापूस पिंजायची धनुकली भिंतीवर टांगली आणि सुई चालू ठेवली. मी तिच्या मागच्या खोलीत सात वर्षं राहिलो. 'खाला'चा अर्थ मावशी, पण नात्यानं ती माझी कुणी नाही. पण माझ्या तोंडून चार लोकांत आवाज निघाला तो तिच्यामुळं. आवाज म्हणजे गाणं वगैरे नाही. एक शब्द. दोन अक्षरांचा.

माझं गाव हिवरखेड. शाळा आठवीत सोडली. का सोडली हे कुणी विचारलं नाही. त्या वर्षांत आमच्या भागात ही एक सोय होती. कापसाचे भाव पडलेले, त्यामुळं कुठल्याही गोष्टीला कारण आयतं मिळायचं. कुणाची सोयरीक मोडली, परिस्थिती. म्हैस आटली, परिस्थिती. माझ्या नावापुढंही शाळेनं तेच लिहिलं. खरं कारण एक कविता होती. मास्तरांनी म्हणायला उभं केलं. मला पाठ होती. तोंड उघडलं तर आतून काहीच आलं नाही. मास्तर म्हणाले, "हा म्हणत नाही तोवर कोणी घरी जाणार नाही." सगळा वर्ग बसला. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी बसला. बाहेर कुणाच्या बकऱ्या ओरडायला लागल्या. चाळीसेक पोरं माझ्या तोंडाकडं पाहत होती आणि काहींना लघवीला लागली होती. शेवटी मास्तरांनाच बस पकडायची होती म्हणून सुटलो. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग परिस्थिती.

पुढं अमरावतीच्या धान्य बाजारात मापारी झालो. मापारी म्हणजे काट्यावर पोतं चढलं की ते मोजणारा. आमच्याकडं पोत्याला कट्टा म्हणतात. हे काम मोठ्यानं करायचं असतं. पहिल्या कट्ट्याला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. तो उतरून दुसरा चढेपर्यंत लाभ, लाभ, लाभ असं म्हणत राहायचं, म्हणजे आकडा विसरत नाही आणि शेतकऱ्यालाही ऐकू जातं. मग दोन, दोन, दोन. यात मला कधी अडचण आली नाही. लोक माझ्याकडं पाहत नसत, काट्याकडं पाहत.

माझ्या वस्तादानं पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. माल समोर नसला तर माप बोलायचं नाही. आणि माल समोर असला तर तो सरेपर्यंत थांबायचं नाही, मालक मेला तरी. दुसरी गोष्ट मी त्यांना करताना पाहिली आहे. मालक मेला नव्हता, चक्कर येऊन पडला होता. वस्तादांनी एका हातानं त्याला पाणी पाजलं आणि तोंडानं तेवीस, तेवीस, तेवीस चालू ठेवलं.

त्या वर्षांत वऱ्हाडात बाहेरून बरंच काही यायचं. शेळीपालनाचं शिबिर आलं, गांडूळखत आलं, मन मोकळं करण्याचं शिबिर आलं. तसंच एक समूहगान आलं. एका संस्थेनं पुण्याहून एक सर पाठवले. ते परदेशात संगीत शिकून आले होते आणि त्यांना इथल्या लोकांचं, इथल्या कवितेवरचं, नव्या पद्धतीचं समूहगान बसवायचं होतं. वाद्य एकही नाही, फक्त माणसं. ते बाजारात एक छोटं यंत्र घेऊन आवाज गोळा करत फिरत होते. माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"हे तुम्ही काय गाता आहात?"

"गात नाई जी. माप हाये."

"पुन्हा म्हणाल का?"

"कट्टा चढू द्या."

कट्टा चढला. मी म्हटलं. सरांनी डोळे मिटले. मला वाटलं यांनाही चक्कर आली.

त्यांनी मला समूहगानात यायला सांगितलं. मी नाही म्हटलं. ते बरं म्हणाले आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी आले. हे मी खालाला सांगितलं, तक्रार म्हणून. ती रजईला टाके घालत होती. बोटातलं अंगुस्तान तिनं जमिनीवर टक टक वाजवलं. विचार करताना ती असंच करायची.

"कायकू नको बोला?"

"मले लोकांसमोर नाई जमत, खाला. तोंडातून निघतच नाई."

"रोज तो चिल्लाता तू बाजार में."

"ते माप हाये."

"और ये क्या हाये?"

"कविता."

तिला मी शाळेचं कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, दोरा तोडला आणि विचारलं, "मास्तर की बस मिली क्या?"

"मिळाली असंन."

"फिर किसका क्या नुकसान हुआ? चल, मैं आती तेरे संग. देखती कौन खाता तेरे को."

मी म्हटलं, खाला, तुमचं वय पासष्ट. ती म्हणाली, तो क्या हुआ, खडे रहना है ना, दौडना तो नहीं.

असे आम्ही दोघं गेलो. एका शाळेच्या सभागृहात, रविवारी दुपारी. तिथं आम्हाला धरून अडतीस माणसं जमली होती. एक बँकेतले कारकून, दोन नर्सा, कॉलेजच्या मुली, वलगावचे एक ऑटोवाले, आणि ज्यांना वाटलं होतं की हे भजन आहे असे सात-आठ जण. भजनवाल्यांनी टाळ आणले होते. सरांनी ते नम्रपणे कोपऱ्यात ठेवायला लावले.

कविता भातकुलीच्या एका बाईंची होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. भातकुलीकडची जमीन खारपाणाची, विहिरी खाऱ्या. त्यांनी त्यांच्याच शेतातल्या विहिरीवर लिहिलं होतं:

दोर सोडला, सोडत गेले,
विहीर काही बोलेना.
आभाळ बुडून बसलं होतं,
तेही खारं निघालं.

एवढीच कविता. वाचायला अर्धं मिनिट. सरांनी तिची बावीस मिनिटं केली होती. कशी, तर प्रत्येकाला तिचा एक तुकडा दिला. 'आभाळ' नऊ जणांत वाटलं. बँकेच्या कारकुनांना फक्त 'ळ' आला. ते घरी सराव करत तेव्हा त्यांच्या बायकोनं दोनदा काय झालं म्हणून विचारलं होतं. खालाला 'ख' मिळाला, तोही न बोलता नुसता घशातून काढायचा. ती मला म्हणाली, "साठ साल खाँसी रोकती आई मैं. पहली बार कोई बोला, खाँसो."

भातकुलीच्या बाई पहिल्या तालमीला येऊन मागं बसल्या होत्या. सरांनी विचारलं, कसं वाटतंय. "गहू निवडल्यासारखं वाटलं," बाई म्हणाल्या. "खडे कोणते ते कळलं नाही." सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

मला 'खारं' हा शब्द आला. पूर्ण शब्द, एकट्यानं म्हणायचा. सगळ्या समूहगानात पूर्ण शब्द एकट्यानं म्हणणारा मी एकटाच. हा मान आहे असं सर म्हणाले. मी खालाकडं पाहिलं. ती 'ख' काढण्यात गुंतली होती.

तो शब्द शेवटाकडं होता. त्याच्या आधी शांतता होती. दोर विहिरीत सोडल्यावर पाण्याला लागेपर्यंतची शांतता. सरांनी बाईंना विचारलं होतं, तुमची विहीर किती खोल. बाई म्हणाल्या, चाळीस हात. म्हणून शांतता चाळीस मात्रांची. सर्वांनी मनात चाळीस मोजायचे, मग मी 'खारं' म्हणायचं, की लगेच सगळे एकदम फुटतील. सरांचा शब्द, फुटतील.

पण अडतीस माणसांचे चाळीस अडतीस ठिकाणी संपत. ऑटोवाले अठ्ठावीसलाच पोचायचे. भजनवाले पन्नाशीत जायचे. सर हातानं खुणा करू शकले असते, पण त्यांना शांततेत कुणाचाच हात हलायला नको होता, त्यांचा स्वतःचासुद्धा. दोन रविवार यातच गेले. तिसऱ्या रविवारी सरांना एक सुचलं. ते माझ्यासमोर आले.

"मोजणं तुमचा व्यवसाय आहे. बाकी कुणी मोजणारच नाही. तुम्ही एकटे मनात मोजा. चाळीस झाले की शब्द म्हणा. सगळे तुमच्यावर थांबतील."

सगळे माझ्यावर थांबतील. माझ्या कानात हिवरखेडच्या बकऱ्या ओरडायला लागल्या.

मी म्हटलं, "मले नाई जमत."

"का?"

"माल कुठं हाये?"

सर हसले. मग त्यांना कळलं की मी विनोद करत नाही. मी त्यांना समजावून सांगितलं की माल नसताना माप बोलत नाहीत. मनातही नाही. रिकाम्या जागी लाभ म्हणणं म्हणजे काय ते मला त्यांना सांगता आलं नाही, कारण वस्तादांनी मला सांगितलं नव्हतं. फक्त करायचं नाही असं सांगितलं होतं. सरांनी खूप चांगल्या शब्दांत सांगितलं की ही अमूर्त मोजणी आहे. मी हो जी म्हटलं. मग त्यांनी सुरू केलं, शांतता आली, आणि मी मोजलंच नाही. उभा राहिलो. सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते. कुणीतरी म्हणालं, "बोल ना बाप्पा." बँकेचे कारकून घड्याळ पाहायला लागले. मी चपला घातल्या आणि बाहेर आलो.

खाला मागून आली. ती रागावली असेल असं वाटलं. तिनं फक्त विचारलं, "माल होना ना तेरे को?"

"हो."

"कौनसा भी चलता?"

"मोजता आला पाहिजे."

पुढच्या रविवारी तिनं मला एक पांढरा सदरा दिला. कार्यक्रमात सगळ्यांनी पांढरं घालायचं होतं. या सदऱ्याला दोन्ही बाजूंनी खिसे होते, खोल, रजईच्या अस्तराचे, आतून दुहेरी शिवण. डाव्या खिशात चाळीस दाणे ज्वारी होती. तिनं दाखवलं. एक दाणा डाव्या खिशातून घ्यायचा, हातातून दुसऱ्या हातात द्यायचा, उजव्या खिशात टाकायचा. हात पोटाशी. कुणाला दिसत नाही. कट्टा या काट्यावरून त्या ढिगावर, तसंच.

"अब बोल, ये माल है के नहीं?"

माल होता. ज्वारी होती, आणि मोजता येत होती.

मी सभागृहात गेलो. शांतता आली. मी मनात लाभ म्हटलं, दाणा सरकवला, आणि दाण्याकडं लक्ष असल्यामुळं लोकांच्या तोंडांकडं गेलंच नाही. चाळीसावा दाणा उजवीकडं पडला आणि मी 'खारं' म्हटलं. आवाज बारीक निघाला, पण निघाला. सगळे फुटले. खालाचा 'ख' मला मागून स्पष्ट ऐकू आला. त्यानंतरच्या सगळ्या तालमींत मी दाणे स्वतः मोजून भरत गेलो. एकदाही चुकलो नाही.

कार्यक्रम अकोल्याला ठरला. आम्ही अडतीस जण, सर आणि बाई असे एका खाजगी बसनं गेलो. मूर्तिजापूरला चहाला थांबलो. मला चहा गेला नाही. खाला म्हणाली, सदरा दे, इस्त्री मोडली का पाहते. तिनं सदरा मांडीवर घेतला, पाहिला, परत दिला.

सभागृह भरलेलं होतं. संस्थेनं गावोगावी जीपा पाठवल्या होत्या. निम्मे लोक पीकविम्याचं काही सांगतील म्हणून आले होते. पुढच्या रांगेत पाहुणे बसले होते, त्यांच्या शेजारी शाल आणि नारळाचं ताट. निवेदक बाजूला माईक घेऊन उभा. सरांनी हात वर केला आणि आम्ही सुरू केलं.

लोकांनी पहिली दहा मिनिटं शांतपणे ऐकलं. वऱ्हाडात लोक कळलं नाही की गप्प बसतात आणि कळलं की बोलायला लागतात, तेव्हा गप्प होते हे फार चांगलं लक्षण नव्हतं. मागं कुणीतरी म्हणालं, "माईक खराब झाला वाटते." तो 'ळ' होता.

मग दोर विहिरीत गेला आणि शांतता आली. मी डाव्या खिशात हात घातला. लाभ. दोन. तीन. दाणे गुळगुळीत लागत होते. कुणाकडं पाहिलं नाही. छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. चाळीसावा उजवीकडं टाकला आणि सवयीनं डावा खिसा चाचपला.

खिशात माल होता.

मी हे नीट सांगायचा प्रयत्न करतो, कारण नंतर लोकांनी याचे बरेच अर्थ काढले. माझ्या मनात कुठलाही अर्थ नव्हता. सरांनी चाळीस सांगितले होते हे मला आठवत होतं. पण डाव्या खिशात माल होता आणि मी मापारी. एक्केचाळीस म्हणायला काही ठरवावं लागलं नाही. थांबायलाच ठरवावं लागलं असतं.

एक्केचाळीस. बेचाळीस. सरांचे डोळे मोठे झालेले डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले. पंचेचाळीसला मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. सत्तेचाळीसला टाळ्या सुरू झाल्या, तुरळक, संपलं बहुतेक अशा. माझ्या शेजारचे बँकेचे कारकून ओठ न हलवता म्हणाले, "अहो." पन्नास. टाळ्या वाढल्या. मी घामाघूम झालो होतो. पण ते घाबरून होतं की कामानं, हे मला आजही सांगता येत नाही. बाजारातही मला घाम येतोच.

बावन्नला निवेदक माईकवर आला आणि म्हणाला, अत्यंत हृदयस्पर्शी अशा या सादरीकरणानंतर. चोपन्नला पाहुणे उभे राहिले. कुणीतरी शाल उलगडली. सत्तावन्न, अठ्ठावन्न. समूहातलं कुणी हललं नाही. त्यांना मी शब्द म्हणेपर्यंत थांबायला सांगितलं होतं आणि ते थांबले होते. माझ्यामुळं पुन्हा एक सगळा वर्ग थांबला होता. फक्त या वेळी मी रिकामा नव्हतो.

एकसष्ट. मी डाव्या खिशाच्या कोपऱ्यात बोट फिरवलं, कट्टा झटकतात तसं. काही नव्हतं.

मी म्हटलं, "खारं."

बारीक नाही निघाला. बाजारातला निघाला. हॉलच्या मागच्या भिंतीला लागून परत आला, तोही मी ऐकला. बरा होता.

आणि सगळे फुटले. निवेदक आभार मानता मानता मध्येच राहिला. शेवटचा भाग अडीच मिनिटांचा आहे. पाहुणे उभे होते, शाल अर्धी खांद्यावर, आणि गाणं चालू असताना पुन्हा खाली कसं बसायचं हे त्यांना कळेना. ते उभेच राहिले. ते उभे आहेत म्हणून दुसरी रांग उभी राहिली. मागच्यांना वाटलं हे राष्ट्रगीतासारखं काही असेल. ते पण उठले. शेवटचा सूर थांबला तेव्हा सगळं सभागृह उभं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की प्रेक्षकांनी उभं राहून दाद दिली. शेतकऱ्याच्या मूक व्यथेला कलावंतानं वाचा फोडली असंही आलं. कलावंत म्हणजे कोण ते लिहिलं नव्हतं.

पडद्यामागं सर पांढरे पडले होते.

"चाळीस ठरले होते," ते मला म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यानं जास्त वाईट वाटलं.

"माल होता, सर."

"कसला माल?"

मी उजवा खिसा उलटा केला. सगळ्यांसमोर. दोन-तीन दाणे खाली पडले. मला वाटलं आता हे सगळे जण मला विचारतील, तू हे का केलं, आणि मला सांगता येणार नाही, आणि बस सुटेपर्यंत ते माझ्याकडं पाहत राहतील.

खाला वाकली. पडलेले दाणे तिनं वेचले. गुडघे धरून उठली.

"ज्वारी मेरी है," ती म्हणाली. "चालीस तो इसने भरी. मैंने ऊपर से चिमटी डाली, मूर्तिजापूर में. काम के दिन खाली उतना का उतना नहीं देते, बरकत के वास्ते थोडा ऊपर डालते. इसको मालूम नहीं था. जो बोलना मेरे को बोलो."

ऑटोवाले म्हणाले, "घ्या. मह्या अठ्ठावीसवर सगळे बोंबलत होते."

तेव्हा भातकुलीच्या बाई पुढं आल्या. त्या सहसा बोलत नसत.

"किती झाले?" त्यांनी मला विचारलं.

"एकसष्ट, बाई."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "कविता लिहिली तेव्हा चाळीस हात होती. आता पाणी साठाच्या खाली गेलं. दोर बदलला आम्ही, कविता बदलायची राहून गेली. माझीच चूक."

सरांनी पिशवीतून ते गाण्याचे मोठे कागद काढले. पेन्सिलीनं चाळीस खोडला. त्याच्या जागी काही लिहिलं नाही. मग त्यांनी खालाला विचारलं की तिनं चहा घेतला का.

पुढचा प्रयोग झाला नाही. संस्थेचा पुढचा कार्यक्रम शेळ्यांचा होता. सर पुण्याला गेले. जाताना बाजारात येऊन मला भेटले, काट्याजवळ उभे राहिले आणि या वेळी डोळे उघडे ठेवून ऐकलं. त्या ज्वारीचं म्हणाल तर खालानं ती घरी नेऊन डब्यात टाकली आणि तिसऱ्या दिवशी तिची भाकर झाली. मीही खाल्ली.

परतीच्या बसमध्ये खाला खिडकीशी बसली होती. बडनेरा आल्यावर म्हणाली, "कैसा था रे?"

"काय?"

"पूरा. मेरे को बाजू का दो-चार का सुनाई दिया, और मेरा ख. सामने बैठने वालों ने पूरा सुना. कैसा लगता पूरा?"

मी म्हटलं, "मले बी नाई माहीत, खाला. मी मोजत होतो."

ती हसली. अंगुस्तान बोटातच होतं, तिनं ते खिडकीच्या गजावर वाजवलं. "एक बार सामने बैठ के सुनना था," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. नुसतं म्हणाली.

आता मी फार लांब आहे. बाजारात मापाऱ्यांचं काम कमी झालं, काटे स्वतःच आकडे दाखवायला लागले, आणि एका ओळखीतून मी इकडं कोइंबतूरच्या अलीकडं एका सूतगिरणीच्या गोदामात आलो. कापसाच्या गाठी मोजतो. मोजणं यंत्रच करतं, मी यंत्र बरोबर मोजतंय का ते पाहतो. भाषा येत नाही. दिवसभरात माझं बोलणं दहा-बारा शब्दांत होतं. अमरावतीहून फोन येतो तेव्हा मी आधी घाबरतो, मग उचलतो. मागच्या वेळी खालाचाच होता. म्हणाली, सुई में धागा नहीं जाता अब. म्हणजे डोळे गेले. वर म्हणाली, "कान अच्छे हैं, फिकर मत कर."

तेव्हापासून मला एकच फिकीर आहे, ती कानांची.

इथं एक म्हातारा हमाल आहे. पूर्वी तो गावाकडं भात मोजायचा. एकदा यंत्र बंद पडलं आणि त्याला हातानं गाठी मोजायला लावलं. त्यानं पहिल्या गाठीवर थाप मारली आणि म्हणाला, लाभम्. मी जागच्या जागी उभा राहिलो. त्यांच्याकडंही पहिल्याला एक म्हणत नाहीत. मी त्याला खुणेनं विचारलं, माल नसेल तर? त्यानं जोरात मान हलवली. नाही.

मी त्याला दुपारच्या सुट्टीत 'ख' शिकवतोय. त्याला छान येतो, त्याला खोकला आहेच. मी त्याला विहीर कशी हे हातानं दाखवलं, दोर कसा सुटतो तेही. भातकुलीच्या बाईंना पत्र टाकून विचारलंय की आता विहीर किती हात आहे. उत्तर यायचं आहे.

तर खाला, हे कुणी तुम्हाला वाचून दाखवेल म्हणून शेवटी लिहितो. तुम्हाला मी एकदा पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवणार आहे. शाल नसेल कदाचित. पण पूर्ण बावीस मिनिटं समोर बसून ऐकाल तुम्ही, आणि वरची चिमूट या वेळी मी टाकीन. अडतीस माणसं लागतात. सध्या आम्ही दोघं झालोय.